पार्सलाआधी घेतलेला नंबर

लग्नात अक्षता टाकायला हात वर केलेला असतो आणि शेजारचा माणूस कानाशी लागून विचारतो, "भाऊ, माहं पार्सल कुठं अडकलं, पाहा ना जरा." न्हाव्याकडे अर्ध्या गालाला फेस लावलेला असतो, तेव्हाही हेच. एकदा तर स्मशानात, लाकडं रचून व्हायची होती, तेवढ्यात मयताच्या व्याह्यानं मला बाजूला घेतलं आणि मोबाईल पुढं केला. त्याच्या कूलरची मोटर चार दिवसांपासून नागपूरच्या गोडाऊनात पडून होती. मी तिथूनच फोन लावला. काय करता, खामगावात नऊ वर्षं कुरिअरची शाखा सांभाळलेल्या माणसाला सुतक वगैरे नसतं.

आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, धंद्यातल्या गमती लिहा, लोकांना आवडतात. गमती आहेत, एकदोन सांगतोही. पण गमती सांगून मोकळं व्हायचं आणि सोनाळ्याची गोष्ट पोटात ठेवायची, हे आता मला जमणार नाही. त्या गोष्टीची मला लाज वाटते, आणि ती लाज अजून तसूभर कमी झालेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बाहेरच्या माणसाला हा धंदा पार्सल पोचवण्याचा वाटतो. आत आल्यावर कळतं की तो तारीख पाळण्याचा आहे, निदान पाळल्यासारखी दाखवण्याचा आहे. विकणारा कुठंतरी दिल्लीत नाहीतर सुरतेत बसलेला. तो डबा बांधतो, डबा ट्रकमधून नागपूरला किंवा अकोल्याला येतो, तिथून सकाळी आमच्या गाळ्यात. आम्ही तो स्कॅन केला की आमचं घड्याळ सुरू. वेळेत पोचला तर संगणकावर हिरवी ओळ, नाही पोचला तर लाल. लाल ओळी वाढल्या की वरच्या साहेबाचा फोन. आणखी वाढल्या की शाखा दुसऱ्याच्या हातात. विकणाऱ्यानं आठ दिवस उशीर केलेला असो, ट्रक रस्त्यात बंद पडलेला असो, आमच्या वाट्याचा दिवस तेवढा हिरवा पाहिजे.

पार्सल पोचलं हे ठरवायचं कशावरून? तर गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर एक नंबर येतो, ओटीपी. पार्सल हातात पडलं की गिऱ्हाईक तो नंबर सांगतं, आमचा माणूस तो टाकतो, ओळ हिरवी. आणि त्याच क्षणी गिऱ्हाइकाचंही एक घड्याळ सुरू होतं, जे त्याला बहुतेक माहीत नसतं. वस्तू चुकीची निघाली, फुटकी निघाली, तर तक्रार करायची मुदत त्या नंबरापासून मोजतात. कुठं दहा दिवस, कुठं सात, कुठं नुसते तीन. तो नंबर म्हणजे माल पाहून घेतल्याची तुमची सही असते. नऊ वर्षांत मी हे एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नाही.

बरं, गंमत. खामगावच्या एका गृहस्थांनी स्वतःसाठी केसांचा टोप मागवला. पार्सल घरी आणायचं नाही, दुकानावर तर मुळीच नाही, बसस्टँडच्या मागं रसवंतीपाशी आणायचं. आमचा सगळ्यात जुना डिलिव्हरीवाला गजानन तिथं गेला. गृहस्थांनी डबा त्याच्यासमोरच फोडला, रसवंतीच्या आरशात पाहून टोप चढवला आणि विचारलं, "कसा दिसून राह्यलो बे?"

"साहेब, तुमी ओळखूच नाही येऊन राह्यले."

"मंग झालं तर!" म्हणून खूश होऊन त्यांनी नंबर सांगितला आणि रुबाबात घरी गेले. तासाभरात टोप पिशवीत घालून शाखेत परत. बायकोनं दार अर्धंच उघडून "ते घरी नाहीत" म्हणून सांगितलं होतं. मुदत होती, टोप परत गेला. आम्ही पुढं कितीतरी दिवस हसत होतो.

दुसरे गृहस्थ मलकापूरचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. मी तेव्हा काही महिने मलकापूरच्या शाखेत होतो. आमच्या धंद्यात एक पळवाट आहे. माणूस गेलेलाच नसतो, पण 'ग्राहक घरी नव्हते' असं टाकून द्यायचं. म्हणजे उशीर आमचा नाही, तुमचा. गार्डसाहेबांच्या पार्सलाला आम्ही तेच केलं. दुसऱ्या दिवशी शाखा उघडायला ते डायरी घेऊन हजर.

"काल सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत मी ओट्यावर होतो. नऊ चाळीसले दूधवाला. साडेदहाले भंगारवाला. बारा दहाले शेजाऱ्याचा जावई, विनाकारण हॉर्न वाजवत. यात तुमचा माणूस कुठं आहे, तेवढं दाखवा."

तक्रार त्यांनी आदल्या संध्याकाळीच टाकलेली होती, मोबाईलच्या स्क्रीनचा फोटो काढून. मी तोंडानं माफी मागितली आणि मनातून चरफडलो. म्हातारा रिकामटेकडा आहे, असं म्हणून आम्ही त्यांचीही थट्टा केली. आज वाटतं, माझ्या एवढ्या गिऱ्हाइकांत स्वतःला सांभाळणं ठाऊक असलेला तोच एक माणूस होता.

आता सोनाळा.

सोनाळा आमच्या शाखेचं सगळ्यात लांबचं गाव. संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडं. जाऊन येण्यात आणि पार्सलं वाटण्यात अख्खा दिवस जायचा. दोन-चार पार्सलांसाठी रोज माणूस पाठवणं झेपत नव्हतं, म्हणून गजानन आठवड्यातून एकदा, गावच्या बाजाराच्या दिवशी जायचा. भाजीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला मोटारसायकल उभी करून बसायचा. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं बाजाराला आली की आपापलं पार्सल घेऊन जायची. लोकांनाही ते सोयीचं होतं. अडचण एकच, बाजार येईपर्यंत सोनाळ्याच्या ओळी लाल दिसायच्या.

त्यावर तोडगा मी काढला. साहेबानं नाही, गजाननानं नाही, मी. पार्सल गाळ्यात आलं की फोन लावायचा. "ताई, तुमचं पार्सल आलं बरं का. मोबाईलवर नंबर आला असंन, तेवढा सांगा. बाजाराच्या दिवशी गजानन हातात आणून देते." लोक नंबर सांगायचे. कोणी विचारलंच, की आधी काऊन पाह्यजे, तर माझं उत्तर ठरलेलं होतं, "विश्वास नाही का आमच्यावर?" असं विचारल्यावर आमच्याकडचा माणूस कसाही असो, नाही म्हणत नाही. सहा वर्षं हे चाललं. एक पार्सल गहाळ झालं नाही, याचा मला अभिमान होता. एका बैठकीत साहेबांनी माझ्या शाखेचं नाव घेतलं, एवढी लांबची गावं असून सगळं हिरवं म्हणून. त्या दिवशी मी घरी पेढे नेले.

सुमनबाई त्या सोनाळ्याच्या. तीस वर्षं अंगणवाडी चालवून निवृत्त झालेल्या. गावातली निम्मी माणसं त्यांनी बोट धरून चालवलेली. त्यांची मुलगी प्रणाली बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगी झाली, आणि बाळाच्या टाळूला जन्मतःच फट होती. अशा लेकराला ओढून पिता येत नाही. पाजायला घेतलं तर दूध नाकातून बाहेर येतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन होईल, पोरगी चांगली होईल, पण आधी वजन वाढलं पाहिजे. त्यासाठी एक वेगळी मऊ बाटली असते, हलकेच दाबली की दूध आपोआप तोंडात उतरतं. ती खामगावात मिळेना, अकोल्यात मिळेना, म्हणून त्यांनी ऑनलाइन मागवली. हे सगळं बाईंनी मला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

"भाऊ, बाटली काल येनार होती."

"येऊन राह्यली बाई. रस्त्यात आहे."

दोन दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "भाऊ, माहा भाचा नागपूरले आहे. तो म्हनते, मावशी, हे रद्द करा, मी इथल्या दवाखान्यात विचारून दुसरी पाठवतो. दोन-दोन घेनं काही आमाले झेपत नाही. करू का रद्द?"

कबूल केलेली तारीख उलटली होती. वस्तू घ्यायची की रद्द करायची, हे ठरवायचा हक्क पूर्णपणे त्यांचा होता. त्या मला विचारत होत्या, कारण त्यांना मी आपला माणूस वाटलो.

"नका करू," मी म्हणालो. "अकोल्याहून निघाली. उद्या इथं."

निघाली होती हे खरं. पण मी नको म्हणालो ते बाळासाठी नाही. वाटेतलं पार्सल रद्द झालं की ते आमच्या गाळ्यातून परत जातं आणि आमची एक ओळ लाल होते. बाईंनी भाच्याला फोन करून राहू दे म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पार्सल खरंच आलं. वीतभर डबा. स्कॅन केल्यापासून आमच्याकडं तेवढी एकच संध्याकाळ होती, आणि बाजार पाच दिवसांवर. मी फोन लावला. मागं लेकरू रडत होतं, बारीक आवाजात. बाई चष्मा शोधत होत्या आणि मी इकडून "लवकर सांगा, लवकर" करत होतो. त्यांनी नंबर सांगितला.

"केव्हा देसान भाऊ?"

"उद्याच. गजाननले खास पाठवतो."

"लय उपकार झाले बाप्पा," त्या म्हणाल्या.

मी पाठवलं नाही. सणाच्या सेलचा माल आलेला, गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सोनाळ्याचं ते एकच पार्सल. ओळ तर हिरवी झालेली होती. बाईंचा फोन आला, मी उद्या म्हणालो. परत आला, परत उद्या. त्यानंतर फोन टेबलावर वाजला तेव्हा त्यांचं नाव दिसत होतं. मी तो उचलून उलटा ठेवला. गजानन समोरच होता. म्हणाला, "भाऊ, मी जाऊन येतो ना. पेट्रोल माहं."

"गप बे. इथलं कोन वाटंन मंग?" मी त्याच्यावरच ओरडलो.

बाजाराच्या दिवशी गजाननानं डबा दिला. बाईंनी तिथंच उघडला. आतून निघाली शाळेतल्या पोरांची पाण्याची बाटली. निळी, वर हत्तीचं चित्र, गळ्यात अडकवायला पट्टा.

त्यांनी घरी जाऊन तक्रार नोंदवायला घेतली, तर मोबाईलवर उत्तर आलं की मुदत संपली. मुदत तीन दिवसांची, आणि कागदोपत्री पार्सल 'पोचून' पाच दिवस झाले होते. कंपनीच्या नंबरावर फोन लावला, तर पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, मॅडम, ओटीपी देऊन माल मिळाल्याचं तुम्हीच कळवलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बाई खामगावला आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. उंच, सडसडीत, पदर खोचलेला, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. कापडी पिशवीतून निळी बाटली काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता चांगल्या चार गोष्टी सुनावतात. सुनावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ, हे बदलून भेटन काय?"

बदलून मिळायचा एकच सरळ रस्ता होता. नंबर मी आधी मागून घेतला आणि माल पाच दिवसांनी दिला, असं मी कंपनीला लिहून द्यायचं. मग मुदत माल दिल्याच्या दिवसापासून धरली गेली असती. पण त्यानं माझं सहा वर्षांचं हिरवं उघडं पडलं असतं. मी संगणकापुढं बसलो आणि अर्ज टाइप केला. अर्ज बाईंच्या नावानं. 'मी घरी नसल्यामुळे माझ्या विनंतीवरून शाखेने ओटीपी आधी घेतला व पार्सल माझ्या सोयीने उशिरा दिले. तरी माझी तक्रार मुदतीत धरावी.' मला वाटलं, त्यांचंही काम होईल आणि माझंही निभावेल. हुशारी अंगात फार होती तेव्हा.

बाईंनी चष्मा लावला.

"वाचायची गरज नाही बाई, नेहमीचंच आहे," मी म्हणालो.

तीस वर्षं सरकारी रजिस्टरं भरलेली बाई ती. एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांनी अर्ज वाचला.

"मी विनंती केल्ती?"

"तसं लिहावं लागते."

"मी तं घरीच होती. असं लेकरू टाकून कुठं जानार?"

"बाई, असं लिहिलं तरच वर घेतात."

"अन् खरं लिहिलं तं?"

गजानन पार्सलं लावता लावता थांबून आमच्याकडं पाहत होता.

"तुमची नोकरी जाईन काय?"

मी हो म्हणून मान हलवली.

"घरी कोन कोन आहे तुमच्या?"

"बायको. पोरगी पुण्याले शिकते."

बाईंनी अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग चष्मा काढून पुसला.

"आना पेन," त्या म्हणाल्या.

सही केली. वळणदार, पूर्ण नावाची. निळी बाटली परत पिशवीत टाकली आणि दारात थांबून म्हणाल्या, "लवकर पाहा भाऊ. पोट्टी आठ चमचे पेते अन् थकून झोपते."

आठ दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. ग्राहकाने माल न पाहता, स्वतःच्या विनंतीवरून ओटीपी दिल्याचे लेखी कबूल केले आहे, सबब तक्रार नामंजूर. माझंच वाक्य उचलून त्यांनी बाईंच्या तोंडावर मारलं होतं. कोणीतरी बाईंना सल्ला दिला, बुलडाण्याला ग्राहक आयोगाकडं जा. सल्ला बरोबर होता. पण तिथं पुढं करायला आमच्याकडं त्यांच्याच सहीचा कागद होता. बाई गेल्या नाहीत.

भाच्यानं धावपळ करून दुसरी बाटली पाठवली, पण तोवर बाळाचं वजन उतरलं होतं. अकोल्याला भरती करावं लागलं, नाकातून नळी घालावी लागली. पोरगी वाचली. ऑपरेशन मात्र कितीतरी महिने पुढं गेलं. हे मला गजानन सांगायचा, मी न विचारता. अकोला खामगावाहून काही फार लांब नाही. मी एकदाही दवाखान्यात गेलो नाही. निळी बाटली टेबलावर ठेवली त्याच दिवशी मी माझ्या मोबाईलवरून दुसरी मागवून देऊ शकलो असतो. सुचलं नाही असं नाही. सुचलं, पण तसं केलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल म्हणून गप्प बसलो.

आणि पुढच्याच आठवड्यात मी सोनाळ्याचे अकरा नंबर फोनवर घेतले. ही ओळ मी या लेखातून दोनदा खोडली आणि दोनदा परत लिहिली.

दोनेक महिने गेले. एका दुपारी मी नेहमीसारखा फोनांना बसलो.

"ताई, तुमचं पार्सल आलं. नंबर सांगा."

"पार्सल हाती येऊ द्या भाऊ, मंग सांगीन."

मला वाटलं, असेल एखादी शिकलेली नवी सून. दुसरा फोन लावला, तेच. तिसरा एका म्हाताऱ्याला, तर तो म्हणे, "नाही बा, पह्यले डबा पाहू." सहाव्या फोनाला माझं डोकं फिरलं.

"काऊन हो? विश्वास नाही का माह्यावर?"

"विश्वास आहे ना भाऊ. तुमच्यावर काऊन नसंन? पन सुमनबाईनं सांगतलं."

मला पुढं विचारायचा धीर झाला नाही. बाजार करून आल्यावर गजाननानं सगळं सांगितलं. आदल्या बाजाराच्या दिवशी बाईंनी बचत गटाच्या बायकांना अंगणवाडीत बसवलं होतं, आणि तो पार्सल द्यायला गेला तेव्हा दारातच उभा राहिला होता. मागवलं त्याच दिवशी कबूल केलेल्या तारखेचा फोटो मोबाईलात ठेवायचा, असं बाई सांगत होत्या. तारीख उलटली की घ्यायचं का रद्द करायचं ते आपलं आपण ठरवायचं, कोणाच्या 'उद्या'वर बसून राहायचं नाही. डबा आणणाऱ्यासमोर फोडायचा, शेजारणीला मोबाईलवर शूटिंग करायला लावायचं. नंबर सगळ्यात शेवटी. आपण घरी असताना 'घरी नव्हते' आलं, तर त्याच दिवशी तक्रार टाकायची. आणि न वाचता कोणत्याच कागदावर सही करायची नाही.

"अन् वाचून खोटी तं मुळीच नाही, असं म्हनल्या," गजानन म्हणाला. "मंग जराशा थांबल्या."

कोणीतरी बाईंना तिथंच विचारलं होतं, बाई, तुमाले कोनं फसवलं? त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "कोनं नाही. मीच घाई केली, आधीच नंबर देऊन बसली."

माझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. सही केलेल्या कागदाशी त्या इमान राखून होत्या. गजाननानं पुढं हेही सांगितलं, की प्रणालीच्या सासरचे लोक येता-जाता बोलून दाखवतात, आजीच्या घाईपायी आमच्या लेकराचे हाल झाले म्हणून. बाई ते ऐकून घेतात आणि काही म्हणत नाहीत. मी ते ऐकलं आणि मीही काही म्हणालो नाही.

सोनाळ्याच्या ओळी आता लाल राहू लागल्या. मी त्या तशाच राहू दिल्या, शहाणपण आलं म्हणून नाही, इलाज नव्हता म्हणून. साहेबांचे फोन आले. मी सांगितलं, लोक नंबर देत नाहीत, गाव लांब आहे, आठवड्याच्या एका फेरीत होत नाही. शाखा जाईल म्हणून मी घरी बायकोच्या मनाची तयारी करून ठेवली. शाखा गेली नाही. दोन महिने लाल पाहून कंपनीनं सोनाळ्याला आठवड्यातून तीन फेऱ्या मंजूर केल्या आणि वर एक माणूस दिला. साहेब म्हणाले, एवढी अडचण होती तर आधी सांगायचं ना, तुमच्याकडं तर सगळं हिरवं दिसत होतं.

म्हणजे एवढंच होतं. मी तारखा खोट्या हिरव्या केल्या नसत्या तर ती फेरी सहा वर्षं आधीच सुरू झाली असती, आणि बाईंचा डबा तीन दिवसांच्या आत उघडला गेला असता. जी नोकरी जाईल म्हणून मी त्यांच्याकडून खोटी सही घेतली, ती जाणारच नव्हती. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना साहेबांनी भाषणात 'गिऱ्हाइकांचा विश्वास' असा शब्द वापरला. गजानन टाळ्या वाजवत नव्हता, हे मी पाहिलं.

हा लेख इथपर्यंत लिहून झाल्यावर, छापायला देण्याआधी, मी गेल्या महिन्यात तो घेऊन सोनाळ्याला गेलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. पत्ता विचारावा लागला नाही, तो मला तोंडपाठ होता. बाई ओट्यावर तूर निवडत होत्या. ओळखायला क्षणभर लागला, मग म्हणाल्या, "पार्सलवाले भाऊ ना? काही आलं का आमचं?"

प्रणाली आलेली होती. तिची मुलगी आता चार वर्षांची आहे. ऑपरेशन झालं आहे, वरून काही दिसत नाही, फक्त बोलताना शब्द थोडे नाकातून येतात. ती अंगणात खेळत होती, आणि तिच्या गळ्यात ती निळी बाटली होती. हत्तीचं चित्र घासून निम्मं गेलं होतं. बाईंचं माझ्या नजरेकडं लक्ष गेलं. "राहू दिली मंग," त्या म्हणाल्या. "शाळेत नेते."

मी कागद पुढं केले. बाईंनी सूप बाजूला सारलं, चष्मा लावला आणि त्या दिवशीसारखंच एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला घेतलं. बराच वेळ लागला. मध्ये मुलीनं येऊन पाणी मागितलं, त्यांनी ते भरून दिलं आणि परत वाचायला बसल्या. टोपाच्या गोष्टीपाशी किंचित हसल्या. पुढं हसल्या नाहीत.

"माहं नाव बदललं नाही तुमी," शेवटी त्या म्हणाल्या.

"तुमी म्हनसान तर बदलतो."

"नको. राहू द्या. प्रणालीच्या सासरी एक अंक पाठवाचा आहे मले."

मग त्यांनी शेवटचं पान उलटून पाहिलं. मागं कोरं होतं.

"याच्याखाली सही कोनाची?"

"माझी."

"कुठं आहे?"

खरंच नव्हती. सही करायची राहूनच गेली होती. बाई उठल्या, घरात गेल्या आणि पेन घेऊन आल्या.